वाचकांचे प्रश्न : ‘त्यांची फी आपण का भरायची?’

प्रश्न : आमचा मुलगा घोडबंदर रोडवरील एका खासगी शाळेत तिसरीत शिकतो. त्याच्या वर्गात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेली वंचित आणि दुर्बल घटकांतली काही मुले आहेत. ‘त्यांची फी आपल्या खिशातून जाते आणि त्यांच्यामुळे वर्ग मागे पडतो,’ असे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वारंवार लिहिले जाते. मला ते पटत नाही, पण नेमके उत्तर सुचत नाही. काय सांगावे?
– एक पालक, ठाणे (प.)

उत्तर : आधी पैशांचे पाहू. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 12 नुसार शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जी रक्कम कमी असेल, ती शासनाने शाळेला द्यायची असते. ही प्रतिपूर्ती रखडते, ही शाळांची तक्रार खरी आहे. पण तो हिशेब शाळा आणि शासन यांच्यातला असून त्यासाठी आठ वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे. शिवाय कोणाच्या पैशावर कोण शिकते, हा प्रश्न महात्मा फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे नेमका उलट्या बाजूने मांडला होता : शेतसारा भरणार कष्टकरी रयत आणि त्यातून शिकणार वरिष्ठ वर्गांची मुले.

वर्ग मागे पडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. वागळे इस्टेटच्या एखाद्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या आईला या प्रवेशासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि खोलीमालक तो करून देण्यास सहसा तयार नसतो. आर्थिक दुर्बल गटातून अर्ज करायचा, तर एक लाखापेक्षा कमी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खाडे करून तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात. ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची खूण चुकली, तर सोडतीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश हुकू शकतो. एवढे सगळे पार करून ज्यांनी मुलाला त्या बाकापर्यंत पोहोचवले, त्यांना शिक्षणाची आस्था नाही असे कसे म्हणावे?

आणि रात्री नऊ वाजता ‘उद्या प्रोजेक्टची रंगीत प्रिंट आणावी’ असा निरोप येतो, तेव्हा तुमच्या घरी प्रिंटर असतो, इंग्रजी सूचना वाचून दाखवणारे कोणीतरी असते. त्या घरी फोन एकच, तोही कामावर गेलेल्या वडिलांजवळ, आणि झेरॉक्सचे दुकान बंद झालेले. दुसऱ्या दिवशी कापले जाणारे गुण मात्र त्या मुलाच्या ‘हुशारी’च्या खाती जमा होतात. पैसेवाल्या घरातून आपसूक मिळालेल्या गोष्टींना आपण गुणवत्ता म्हणतो, हे मला फार खटकते.

तुम्ही ग्रुपवर एवढे जरूर लिहा. पण त्याहून उपयोगाचे काम पालक-शिक्षक संघात होईल, कारण शुल्क ठरवताना त्याच्या कार्यकारी समितीची संमती लागते. प्रकल्पाचे साहित्य वर्गातच द्यावे, सहलीचा आणि स्नेहसंमेलनाचा खर्च कोणा मुलाला सर्वांसमोर विचारू नये, हे तिथे मांडा. या मुलांचे मोफत शिक्षण कायद्याने आठवीपर्यंतच आहे. नववीत त्यांच्या फीचे काय करणार, हेही शाळेला आत्ताच विचारून ठेवा.