क्ष-किरणांच्या उद्रेकावरून कृष्णविवराचं वस्तुमान काढता येतं का?
हो, पण उद्रेकातून (विवर जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेताना क्ष-किरणांचं तेज अचानक वाढतं त्यातून) मिळतो तो अंदाज. भरवशाचा आकडा उद्रेक ओसरल्यावरच हाती येतो. उद्रेकात क्ष-किरणांची तीव्रता काहीशा ठरावीक लयीत कमी-जास्त होते. विवर जितकं जड, तितकी लय संथ, म्हणून वस्तुमान माहीत असलेल्या विवराशी तुलना करता येते. (मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवलेलं अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेवरचं लॅक्सपीसी उपकरण असेच झपाट्याचे चढउतार टिपण्यासाठी होतं.) मात्र विवराचं स्वतःभोवतीचं फिरणंही ही लय बदलतं. हंस तारकासमूहातल्या व्ही४०४ या जोडताऱ्याचा उद्रेक १९८९ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला दिसला. उद्रेकाचं तेज उतरून जोडीदार तारा नीट दिसू लागल्यावर त्याचा वेग आणि साधारण ६.५ दिवसांचा फेरा मोजला, तेव्हा १९९२ मध्ये ठरलं : अदृश्य वस्तू किमान ६ सूर्यांइतकी जड, न्यूट्रॉन ताऱ्याच्या (मृत ताऱ्याच्या अतिघन गाभ्याच्या) कमाल वस्तुमानाच्या कितीतरी पुढे, म्हणजे कृष्णविवरच.