ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बागेत रंग हवा आहे, क्रोकोस्मियाची (ग्लॅडिओलससारखं कंदाचं फूलझाड) कोणती जात लावू?

तुम्ही लिहिलंय की घर दक्षिण इंग्लंडमध्ये, रेडिंगला आहे, वाफ्याला अर्धा दिवस ऊन मिळतं, जुलै सरला की सगळं नुसतं हिरवं दिसतं, आणि शेजारी क्रोकोस्मियाच्या लूसिफर जातीबद्दल म्हणतात, ‘लूसिफर लावा आणि विसरून जा, त्याला हातसुद्धा लावू नका.’ या सल्ल्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दुसरी तर इतकी पसरली आहे की तिच्यापायी चांगली झाडं वाया जातात.

आधी जातीचं. एमिली मॅकेन्झी घ्या. साठेक सेंटिमीटर उंची, मोठं नारिंगी फूल, मध्याभोवती गडद तपकिरी-लाल ठिपक्यांचं कडं. ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होते आणि सप्टेंबरभर चालते. मागच्या ओळीत स्टार ऑफ द ईस्ट लावा. तिचं फूल या सगळ्यांत मोठं, जर्दाळू-नारिंगी. नॉर्फोकमधल्या वेस्टविकचे माळी जॉर्ज डेव्हिसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेली जात, आणि आजही तिला तोड नाही. पिवळा हवा असेल तर त्यांच्याच नावाची जॉर्ज डेव्हिसन. सिट्रोनेला नावावर विसंबू नका, त्या लेबलाखाली बाजारात वेगवेगळ्या पिवळ्या जाती विकल्या जातात. फुलावर आलेली कुंडी बघूनच घ्या. सोल्फातेरची धुरकट तांबूस पानं फार देखणी, पण तिला थंडी कमी सोसते. हिवाळ्यात वर पाचोळ्याचा जाड थर हवाच.

लूसिफर हे झाड म्हणून उत्तमच आहे. 1960च्या दशकात ब्रेसिंगहॅमला अ‍ॅलन ब्लूम यांच्या नर्सरीत ते जन्मलं. एवढा लखलखीत लाल दुसऱ्या कुठल्या क्रोकोस्मियात क्वचितच मिळेल. पण तुमच्याकडे ते जुलैत फुलेल आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत दांड्यांवर नुसत्या हिरव्या बोंडांच्या रांगा उरतील. शिवाय उंची मीटरभर ते सव्वा मीटर, म्हणजे अरुंद वाफ्यात ते समोरच्या झाडांवर कलणार. उशिरा लाल हवा असेल तर हेलफायर बघा, ती ठेंगणी आहे आणि रंगही जास्त गडद.

आता ‘हातसुद्धा लावू नका’चं. आमच्या अलॉटमेंटवरच्या (भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यांवरच्या) जुन्या मंडळींशी माझा हा वाद फार दिवसांचा आहे. त्यांचं म्हणणं, बेट जितकं दाट तितकी फुलं जास्त. मी म्हणते, पाच-सहा वर्षं न हलवलेलं बेट एकदा उपसून तर बघा. क्रोकोस्मियाचा कंद ग्लॅडिओलससारखाच, पण एक मोठा फरक आहे. ग्लॅडिओलसचा जुना कंद सुकून गळून जातो, याचा जात नाही. दर वर्षी जुन्यावर नवा कंद बसतो आणि खाली उतरंड तयार होते. वरचा टणक, तपकिरी जाळीदार सालीचा; खालचे चपटे, सुरकुतलेले, पण जिवंत. शिवाय बाजूला पांढरे धावते फुटवे निघतात, त्यांच्या टोकाला नवे कंद. सगळे त्याच हातभर मातीत. पाऊस वरच्या पानांवरून बाहेर ओघळतो, बेटाचा मधला भाग जूनमध्येच कोरडा पडतो. नेमके त्याच सुमारास फुलांचे दांडे तयार होत असतात. परिणाम असा की पानं भरपूर आणि तुरे फक्त कडेला. मग लोक खत ओततात. नत्राचं खत दिलं की पानं आणखी वाढतात, आणि मधलं बेट कोरडं ते कोरडंच.

विभागणी मार्च-एप्रिलमध्ये करा, कोंब दोन-तीन सेंटिमीटर वर आले की. शरद ऋतूत केलीत तर उघडे पडलेले कंद चिकणमातीत हिवाळाभर भिजून कुजतात. फावडं वापरू नका, कंद कापले जातात. बेटापासून फूटभर लांब काट्याचा फोर्क खोल घाला, चारी बाजूंनी सैल करा आणि अख्खं बेट उचला. माती झटकली की उतरंडी दिसतील. वरचा कोंबाचा कंद आणि त्याखालचा एक, अशी जोडी ठेवून बाकीचे हातानेच मोडा. खालचा ठेवायचा, कारण नवीन मुळं धरेपर्यंत त्यातला साठा कामी येतो. वाफ्यात चौरस मीटरला बादलीभर कंपोस्ट मिसळा, माती जड असेल तर खडीची कचही. जोड्या आठ ते दहा सेंटिमीटर खोल आणि पंधरा सेंटिमीटर अंतरावर बसवा. उथळ लावल्या तर थंडीत मरतात आणि वाचल्याच तर दांडे कलंडतात. जून-जुलैत पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा बेटाला दहा लिटर पाणी, मुळाशी, एकदम. रोज शिंपडून उपयोग नाही. कोरडं ठेवलंत तर लाल कोळी ही बारीक कीड येते, पानांवर बारीक फिकट ठिपके पडून ती तांबूस होतात. वाळलेली पानं हिवाळ्यात कापू नका, तेच कंदांचं पांघरूण आहे. मार्चमध्ये ओढली की सहज निघतात.

मोडलेले जुने कंद कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, ते तिथेही फुटतात. ओढ्याकाठी किंवा रस्त्याकडेला तर मुळीच नको. माँटब्रेशिया म्हणून ओळखला जाणारा संकर इंग्लंड आणि वेल्समध्ये 1981च्या वन्यजीव कायद्याच्या नवव्या परिशिष्टात 2010पासून आहे, तो रानात लावणं किंवा पसरू देणं गुन्हा आहे. मी वर सांगितलेल्या उशिराच्या नारिंगी-पिवळ्या जाती याच संकरातल्या आहेत. 1880च्या सुमारास फ्रान्समधल्या नान्सीचे रोपवाटिकाकार लमुआन यांनी ऑरिया आणि पॉट्सी या क्रोकोस्मियाच्या दोन मूळ रानजातींपासून तो केला. स्वतःच्या बागेत लावायला बंदी नाही.

या मोसमात रंग हवाच असेल तर सुके कंद आणू नका. पाकिटात फार सुकलेले कंद पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाहीत. ऑगस्टमध्ये कळ्यांवर आलेल्या दोन लिटरच्या तीन कुंड्या घ्या, एकत्र लावा. शेजारी निळा अ‍ॅगापँथस किंवा जांभळे अ‍ॅस्टर छान दिसतात.

आणि हो, मी लूसिफरबद्दल बोलले ते दक्षिण इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडात तेच झाड ऑगस्टमध्ये ऐन बहरात असतं. विभागणीनंतर पहिल्या वर्षी तुरे कमी येतात, हेही खरं. ‘हात लावू नका’ म्हणणारे तेवढं एकच वर्ष बघतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. तुमच्या शेजाऱ्यांचं बेट जुनं असेल तर त्यांना सांगा, अर्धं उपसून वेगळं लावा, अर्धं तसंच ठेवा, पाणी दोघांना सारखं द्या, आणि दुसऱ्या वर्षी दोन्हीकडचे दांडे मोजा.