सहावी सॅक हप्त्यावर घ्यावी का?

प्रश्न : वय २९, राहणार डोंबिवली. हातात पगार ४६,००० येतो. घरी १५,००० देतो, स्वतःचा खर्च १९,०००, एसआयपी ३,०००. बँकेत ३०,००० आहेत, क्रेडिट कार्डावर २६,००० थकलेत. शनिवार-रविवार सह्याद्रीत असतो, घरात पाच सॅक आहेत. आता हिमालयात गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचाय. त्यासाठी ७० लिटरची सॅक, पिसांची स्लीपिंग बॅग, बर्फातले बूट, ६० मीटर रोप (चढाईचा दोर), हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) असं ८६,००० चं सामान १२ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेऊ का? पुढेमागे विकता येईल, म्हणजे गुंतवणूकच ना?

उत्तर : नाही, गुंतवणूक नाही. हौस आहे, आणि हौस म्हणूनच तिचा हिशेब करू.

मागच्या पावसाळ्यानंतर मी माळ्यावरून माझी जुनी सॅक काढली. चार-पाच वेळाच वापरलेली. आतला थर हाताला चिकटत होता, पापुद्रे निघत होते. आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप असाच सुटतो. बुटांचंही तेच. नाणेघाटाच्या पायऱ्यांवर माझ्या ‘जपून ठेवलेल्या’ बुटाचा तळवा उघडला आणि मी सुतळी बांधून खाली उतरलो. रोप आणि हार्नेस न वापरताही म्हातारे होतात. बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत देतात. कॅराबिनर, डिसेंडर हे दोराला अडकवायचं धातूचं सामान टिकतं, पण तुमच्या यादीत त्याचा वाटा किती?

आता हप्ता. ८६,००० भागिले १२ म्हणजे ७,१६७. तुमच्याकडे महिन्याला उरतात ९,०००. ‘नो कॉस्ट’मध्येही व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, वर बहुतेकदा प्रोसेसिंग फी, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हातची जाते. पण खरं दुखणं कार्डाचं आहे. महिना साडेतीन टक्के धरले तर २६,००० वर ९१० रुपये नुसतं व्याज. शिवाय थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. कर्जतच्या पेट्रोलवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज.

म्हणून बँकेतल्या ३०,००० पैकी १५,००० आजच कार्डात भरा, कार्डाचे उरलेले ११,००० दोन पगारांत. मग बँकेतली शिल्लक पुन्हा वाढवा. तीन महिन्यांचा खर्च म्हणजे लाखभर तरी लागेल. एसआयपीला हात लावू नका.

आणि कोर्सची यादी नीट वाचलीत का? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे बेसिक कोर्सला रोप, हार्नेस, बर्फातले बूट, आइस-ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) संस्थाच देते. म्हणजे तुमची निम्मीअधिक यादी तिथेच गळते. अंगाला लागणारं तेवढं स्वतःचं घ्या : चांगले ट्रेकिंग बूट, थर्मल, हातमोजे. बाकी भाड्याने.

कोर्सच्या आधी आरोग्य विम्याची पॉलिसी उघडून बघा. साहसी खेळांचा अपवाद साधारणपणे व्यावसायिक सहभागापुरता असतो, पण वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात. कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

पाचपैकी तीन सॅक विकून टाका, लेप सुटायच्या आत. जुना रोप असेल तर मात्र विकू नका, आणि स्वस्तात मिळतोय म्हणून कुणाचा घेऊही नका. त्याने आधी किती जणांचं पडणं झेललंय, हे बघून कळत नाही.