गाळामालकाची सही

“मॅडम, कंपनी कायद्याचं अजून कुठलं पुस्तक वाचू?”

लंडनहून व्हिडिओ कॉलवर आलेल्या मुलीचा हा पहिलाच प्रश्न. एलएलबी पुण्यात, एलएलएम तिकडे, आणि आता सॉलिसिटर (तिकडचा वकील) होण्यासाठी एखाद्या लॉ फर्ममध्ये दोन वर्षांचा ट्रेनिंग काँट्रॅक्ट मिळवायची धडपड. दोन फर्मच्या असेसमेंट सेंटरपर्यंत, म्हणजे मुलाखत आणि केस स्टडी असलेल्या निवड फेरीपर्यंत, पोचली होती. मुलाखत दोन्हीकडे बरी झाली, अडली ती केस स्टडीत. दुसऱ्या फर्मने कळवलं, ‘कमर्शियल अवेअरनेस’, म्हणजे धंद्याची जाण, कमी पडला. तेव्हापासून ती रात्री जागून पुस्तकं वाचत होती. (तिची परवानगी घेऊन, तपशील थोडे बदलून लिहिते आहे.)

या केस स्टडीत हातात पंचवीस-तीस पानांचा गठ्ठा देतात. त्यात पार्टनरचा, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाचा, ईमेल, ताळेबंद, दोन-चार करार, एखादं वर्तमानपत्राचं कात्रण असतं. बऱ्याचदा अशील एखादी कंपनी विकत घ्यायला निघालेला असतो. तासभर वाचायचं आणि मग पार्टनरसमोर बसून सल्ला द्यायचा. शेजारच्या खुर्चीवर इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकलेलं पोरही असतं, कारण तिकडे कायद्याची पदवी नसलेल्यांनाही सॉलिसिटर होता येतं. म्हणून लागणारी माहिती गठ्ठ्यातच दिलेली असते. पुस्तकाचा विषय मी तिथेच थांबवला आणि तिला सरावाचा एक गठ्ठा पाठवला.

अशिलाला सँडविच बनवणारी कंपनी घ्यायची आहे. सहाव्या पानावर विक्रीचा तक्ता: ४० टक्के माल एकच सुपरमार्केट उचलतं. एकोणिसाव्या पानावर त्याच सुपरमार्केटचा करार: कंपनीची मालकी बदलली तर करार संपवायचा हक्क त्यांना आहे. तासाभराने तिने स्क्रीन दाखवली. दोन्ही ओळी पिवळ्या केल्या होत्या, पण बाकीचंही बहुतेक सगळं पिवळंच. गठ्ठा हळदीला बसवल्यासारखा दिसत होता.

मग ती बोलायला लागली. कंपनीची स्थापना, संचालक, शेअरचे प्रकार. चौथ्या मिनिटाला मी थांबवलं. “पार्टनरची टॅक्सी खाली उभी आहे. एका वाक्यात सांग, घ्यायची की नाही?”

“दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत, मॅडम.”

आपल्याकडची परीक्षा आठवा. जितके मुद्दे तितके गुण. एखादा सुटला तर हळहळ. त्या सवयीत हुशार मुलं जास्त अडकतात असं माझं मत आहे.

मी विषय बदलला. तिच्या बाबांचं इचलकरंजीत कापडाचं दुकान आहे आणि काही वर्षांपूर्वी त्यांनी बाजारातलं आणखी एक चालू दुकान घेतलं, हे तिने आधी बोलताना सांगितलं होतं. “घेताना बाबांनी काय काय विचारलं?”

ती हसली. “जुनी उधारी माझ्या गळ्यात येणार का? गाळामालक भाडेकरार माझ्या नावावर करून देईल का? दोन जुने नोकर राहणार का? आणि तो मोठा गणवेशवाला गिऱ्हाईक टिकणार का, हे तर त्या गिऱ्हाइकालाच जाऊन विचारलं.”

“आता सँडविचवर ये.”

मिनिटभर ती गप्प होती. मग भराभर जुळायला लागलं. कंपनीचे शेअर घेतले तर कंपनी तीच राहते, म्हणून तिची देणीही आतच राहतात. फक्त धंदा आणि मालमत्ता घेतली तर बरीच नको ती देणी मागे ठेवता येतात, पण करार आपोआप येत नाहीत, समोरच्याची संमती लागते. नोकरांचं मात्र तसं नाही. तिकडे २००६ च्या ‘टूपी’ नियमांनुसार धंदा हस्तांतरित झाला की कामगार त्याच अटींवर नव्या मालकाकडे येतात. आणि ते गणवेशवालं गिऱ्हाईक म्हणजे एकोणिसावं पान.

“मग सल्ला?”

“घ्या. पण सुपरमार्केटची लेखी संमती आल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नका. ती मिळत नसेल तर किंमत उतरवा, नाहीतर सोडून द्या.”

हे वाक्य तोंडी यायला दीड तास लागला, पण आलं. बाकीची तयारी मग किरकोळ होती. गठ्ठा हातात आला की आधी पार्टनरचा ईमेल दोनदा वाचायचा, कारण विचारलंय काय आणि सल्ला कुणासाठी हे तिथे असतं. मग सगळी पानं एकदा नुसती उलटायची. शेवटची दहा मिनिटं वाचन बंद. कागदावर वर सल्ला, खाली तीन धोके, प्रत्येकापुढे पैशाचा आकडा आणि उपाय. वॉरंटी आणि इंडेम्निटी यांतला फरक दोन वाक्यांत सांगता आला की पुरे. विक्रेत्याने कंपनीबद्दल दिलेली हमी खोटी ठरली तर नुकसानभरपाई मागता येते, ती वॉरंटी. चालू खटल्यासारखा धोका आधीच दिसतोय आणि त्याचा खर्च विक्रेत्याने उचलायचं कबूल केलंय, ती इंडेम्निटी.

खरी अडचण पुढे निघाली. पार्टनर बनून मी भुवई उंचावली, “नक्की?” तिने लगेच सल्ला फिरवला. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, हे आपल्या घरांत भिनलेलं असतं. पण तिथला पार्टनर मुद्दाम ढकलून बघतो. आम्ही एक रीत ठरवली: त्यांनी नवी माहिती दिली तर मत बदलायचं आणि का बदललं ते सांगायचं, नुसती भुवई उंचावली तर कारण पुन्हा, शांतपणे सांगायचं. हे तीन कॉल घोटवलं. पहिल्या कॉलला तिने प्रत्येक उत्तराआधी ‘सॉरी’ म्हटलं. मी मोजले, अकरा.

गेल्या महिन्यात तिसऱ्या फर्मचं असेसमेंट सेंटर झालं. निकाल यायचा आहे. संध्याकाळी तिचा मेसेज आला: सँडविच नव्हते, जिमची साखळी होती, आणि सगळ्यात जास्त कमाईच्या शाखेचा भाडेकरार मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नव्हता. तिने सुरुवातच तिथून केली. पार्टनरने दोनदा ढकललं, ती हलली नाही.

रात्री घरी फोन करून तिने बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न होता: “गाळामालकाची सही कोण आणणार, ते लिहून घेतलंस का?”

ते तिने सांगितलं नव्हतं. पुढच्या सरावात घालू म्हणाली.