हमी तुम्हाला नाही, सावकाराला

व्हीएच्या (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या) हमीवर कर्ज काढून घर घेतलेल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं येतच असतात, आणि घोळ दर वेळी तोच. घर विकूनही कर्ज फिटत नसेल, तर सावकाराच्या संमतीने कमी पैशांत व्यवहार मिटवायचा, याला लोक शॉर्ट सेल म्हणतात. व्हीएच्या कागदांवर 'कॉम्प्रमाइज सेल' लिहितात, एवढाच फरक.

हप्ते वेळेवर चालू आहेत, पण घराची किंमत कर्जाखाली गेली. शॉर्ट सेल मिळेल? (नॉरफोक)

नुसती किंमत उतरली म्हणून नाही. अडचण कागदोपत्री दाखवावी लागते. बदलीची ऑर्डर आली असेल, तर ती घेऊन सर्व्हिसरशी, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीशी, बोला.

घर धाकट्या भावाने स्वस्तात घ्यावं आणि आम्ही तिथेच राहावं, असं ठरतंय.

ठरवू नका. घेणारा परकाच लागतो. नातं लपवून सही केलीत तर ती फसवणूक, आणि मग पुढच्या उत्तरातलं संरक्षणही जातं.

सरकारची हमी आहे, म्हणजे फरक सरकार भरणार. मग काळजी कसली? एक मित्र असाच सुटला. (सॅन डिएगो)

हे वाचलं की माझा चहा गार होतो. हमी सावकाराला आहे, तुम्हाला नाही. समजा देणं ३,२०,००० डॉलर आणि विक्रीतून खर्च वजा जाता आले २,६५,०००. खड्डा ५५,०००चा. हमीच्या मर्यादेत, म्हणजे बहुतेकदा कर्जाच्या चौथाईपर्यंत, व्हीए तो सावकाराला भरून देते. १ जानेवारी १९९० पासूनच्या कर्जांत हे पैसे व्हीए सहसा तुमच्याकडे मागत नाही, फसवणूक किंवा खोटी माहिती निघाली नाही तर. मित्र सुटला तो इथवर. पण तेवढं एंटायटलमेंट, म्हणजे तुमच्या वाट्याची व्हीए हमी, अडकतं. काही वर्षांनी नवं घर बघायला निघाल, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हीएचा पात्रतेचा दाखला) काढाल, आणि आकडा कमी दिसेल. तो पूर्ववत करायचा तर व्हीएचं नुकसान पूर्ण भरावं लागतं. आणि सावकाराने उरलेली वसुली सोडली, हे तोंडी ऐकून क्लोजिंगला, म्हणजे विक्रीच्या अंतिम सह्यांना, बसू नका. लेखी घ्या, वकिलाला दाखवा.

एक कंपनी ३,००० डॉलर आगाऊ घेऊन सगळं मिटवून देते म्हणते.

दार लावा. सावकाराचा लेखी प्रस्ताव तुम्ही स्वीकारेपर्यंत अशा कंपनीने पैसे घेणं केंद्रीय नियमाने बंद आहे (वकिलांना अटींवर सूट आहे, म्हणून असले लोक वकिलाचं नाव पुढे करतात). व्हीएचे कर्ज-तंत्रज्ञ ८७७-८२७-३७०२ वर फुकट बोलतात. हडची (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची) मान्यता असलेले सल्लागारही फोरक्लोजरच्या (थकलेल्या कर्जापायी घर जाण्याच्या) सल्ल्याचे पैसे घेत नाहीत.

माफ झालेल्या रकमेवर कर लागतो का?

लागू शकतो. १०९९-सी (कर्जमाफीचा कर-फॉर्म) आला तर तो घेऊन सीपीएकडे, म्हणजे हिशेबनिसाकडे, जा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

चार हप्ते थकलेत. गिऱ्हाईक सापडलं की बँकेला कळवू म्हणतो. (सॅन अँटोनिओ)

उलटं करताय. संमतीआधी व्हीएचं अप्रेझल (घराचं मूल्यांकन) लागतं, त्यात आठवडे जातात. टेक्सासात थकलेल्या घरांचा लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असतो आणि नोटीस फक्त २१ दिवस आधीची पुरते. माझ्याकडे एक बाई किराण्याच्या पिशवीत न फोडलेली पाकिटं घेऊन आल्या होत्या. तळच्या पाकिटात सर्व्हिसरने मदतीचा अर्ज पाठवला होता, सगळ्यात वरच्यात लिलावाची तारीख होती. सर्व्हिसरला आजच फोन करा, गिऱ्हाईक नंतर बघू.