मंडळीला गाऊ दे की
अरे बाळा, कीबोर्ड झकास वाजवतोस, पण रविवारी चर्चमध्ये उपासनेला जमलेली मंडळी गप्प का होती बघितलंस? पट्टी चढली होती रे, आमच्या वेंगुर्ल्याच्या म्हाताऱ्यांना ती कशी झेपणार, जरा खाली उतरव आणि शेवटच्या ध्रुवपदाला वाद्यं बंदच करून बघ, मागच्या बाकावरचे काकापण गायला लागतात, बेसूर का असेना. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातले, १८६१ चा जन्म, त्यांची गीतं अभंग-भजनाच्या वळणाची म्हणून पटकन तोंडात बसतात, सुरुवात तिथून कर. बायबलमधले पौल आणि सीला तुरुंगात गायले तेव्हा कुठला माईक होता? नवीन गीत असलं तर उपासनेआधी दोनदा सगळ्यांकडून म्हणून घे. आणि हो, तुझा स्वतःचा माईक जरा कमी ठेव, राग मानू नकोस.