स्केटबोर्डिंगसारख्या खेळात ‘पडेल’ खेळाडूवर पैसे लावत राहिलं तर शेवटी फायदा होतो का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: स्केटबोर्ड, सर्फिंग, स्नोबोर्ड असल्या खेळांत नावाजलेले खेळाडू सारखे आपटतात. मग ज्याला कोणी विचारत नाही अशा ‘पडेल’ खेळाडूवर, मोठा भाव बघून, थोडे थोडे पैसे लावत राहिलं तर दहा वेळा हरूनही एका वेळेत सगळं भरून निघेल ना?

नाही निघत. मी हे स्केटबोर्डवर नाही, शंकरपटावर, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत शिकलो, आणि शिकायला मला २७ डाव लागले.

मी भंडारा जिल्ह्यातला, साकोलीच्या बाजूचा धानाचा कास्तकार. पुण्याकडच्या लोकांना बैलगाडा शर्यत माहीत असते. आमच्याकडचा पट थोडा वेगळा. हलका छकडा, दोन बैल, वर एक धुरकरी (हाकणारा), आणि दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात. धान घरात आलं की पटाचे दिवस सुरू. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि मधल्या वेळात पाहुण्यांच्या घरी जेवणं. पटाच्या कडेला लगवाडी, म्हणजे पैसे लावणंही चालायचं. ती तेव्हाही बेकायदाच होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

२०१० च्या हिवाळ्यात चुलबंद नदीच्या पल्याडून एक जोडी आली होती. एक बैल शिंगमोडा, दुसरा नुसता हाडांचा सापळा. समोर त्या भागातली सगळ्यात नावाजलेली जोडी. शिंगमोड्याचा भाव एकाला सहा. माझे मोठे बाबा म्हणाले, “त्याच्यावर लावण्यापेक्षा पैसे नदीत टाक, निदान पुण्य लागन.” मी दोनशे लावले. झेंडी पडली, मोठी जोडी वाऱ्यासारखी निघाली, आणि अर्ध्यात डावा बैल बुजला. जोडी पट सोडून सरळ माणसांत घुसली. शिंगमोडा आपल्या चालीनं, कोणाकडे न बघता, रेषा पार करून गेला. माझ्या हातात बाराशे रुपये आले. त्या रात्रीचं नाटक मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून पाहिलं.

तिथून मला सवय लागली. पुढची तीन वर्षं मी फक्त पडेल जोडीवरच लावत गेलो. विचाराल तर छाती फुगवून सांगायचो, “अपून तर जिंकतोच.” माझा चुलतभाऊ मात्र किराण्याच्या उधारीच्या वहीत, मागच्या पानावर, माझं खातं लिहीत होता. एक दिवस त्यानं ते पान समोर धरलं. २७ डाव, दर डावाला दोनशे, म्हणजे ५,४०० गेले. तीनदा जिंकलो: बाराशे, हजार आणि सोळाशे, म्हणजे ३,८०० आले. सोळाशेचा खड्डा. मला ते तीन डाव बैलांच्या रंगासकट आठवत होते. बाकीच्या चोवीसपैकी एकही आठवत नव्हता.

आमचा खायवाल, म्हणजे भाव देणारा, म्हातारा आणि मोकळ्या तोंडाचा माणूस होता. मी त्याला एकदा विचारलं की पडेल जोडीला तू एवढा मोठा भाव देतोस, तुला भीती नाही वाटत? तो हसला. “तुमच्यासारखे पोट्टे हायेत म्हणून तर मी मोठ्या जोडीवाल्यायले पैसे देऊ शकतो.”

या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी हिशोब मांडून कळला. तो इथे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. समजा एका फायनलमध्ये आठ खेळाडू आहेत. भाव काढणारा म्हणतो: पहिल्यावर १०० लावा, जिंकला तर २५० घ्या. दुसऱ्याचे ४००, तिसऱ्याचे ५००, चौथ्याचे १,०००, आणि उरलेल्या चार पडेलांचे प्रत्येकी २,०००. आता उलटं करून बघा. कोणीही जिंको, आपल्या हातात १०० रुपये यायला पाहिजेत, तर कोणावर किती लावावे लागतील? पहिल्यावर ४०, दुसऱ्यावर २५, तिसऱ्यावर २०, चौथ्यावर १०, आणि चार पडेलांवर पाच-पाच, म्हणजे २०. बेरीज ११५. शंभर रुपये मिळवायला तुम्ही ११५ मोजताय. हे वरचे १५ रुपये आमच्या म्हाताऱ्याच्या धोतराच्या सोग्यात जायचे. आता ॲपवाल्याच्या खात्यात जातात.

आणि हे १५ रुपये सगळ्या खेळाडूंवर सारखे वाटलेले नसतात, गोम तिथे आहे. वीसपट भाव दिला म्हणजे भाव काढणारा म्हणतोय की हा वीसात एकदा जिंकेल. प्रत्यक्षात तो चाळीसात एकदा जिंकणारा असू शकतो. लोकांना तेवढा फरक जाणवत नाही. दोन्ही आपल्याला ‘कधीतरी लागेल’ असंच वाटतं. शिवाय मोठ्या खेळाडूचं मनगट दुखतंय ही आतली बातमी कोणाला लागली, तर तो माणूस गुपचूप पडेलावर लावून जाईल, ही भाव देणाऱ्याला भीती. म्हणून तो लांबचा भाव मुद्दाम आखडता ठेवतो. अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींवर ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४९ मध्येच हे दाखवलं होतं: लोक पडेल घोड्यावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, आणि आवडत्या घोड्यावर कमी. त्यानंतर घोड्यांवर हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. बैलांवर माझ्या चुलतभावानं तपासलं.

आता स्केटबोर्ड. तुमचं एक म्हणणं बरोबर आहे की या खेळात उलथापालथ जास्त होते. त्याचं कारण खेळाच्या नियमांत आहे. २९ जुलै २०२४ ची संध्याकाळ. पॅरिस ऑलिम्पिकची पुरुषांची स्ट्रीट (रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांसारख्या मैदानावरची) फायनल आधी २७ तारखेला होती, पण तिकडे पाऊस झाला म्हणून पुढे ढकलली. इकडे आमची रोवणी सुरू, दिवसभर चिखलात, आणि रात्री साडेआठला भाचा मोबाइल घेऊन आला. नियम त्यानंच समजावला: प्रत्येकाला ४५ सेकंदांच्या दोन रन, म्हणजे सलग फेऱ्या, आणि पाच सुट्या ट्रिक, म्हणजे एकेक कसरत. त्यातली एक चांगली रन आणि दोन चांगल्या ट्रिक मोजायच्या, बाकी सगळं माफ. म्हणजे सातपैकी चार वेळा पडलं तरी चालतं. असा पट आमच्याकडे असता तर शिंगमोड्याचं सोनं झालं असतं.

जपानचा युतो होरिगोमे ओळीनं तीन ट्रिकांत पडला आणि शेवटच्या ट्रिकला सातव्या नंबरवर होता. भाचा म्हणे, “मामा, याच्यावर लावाल का?” म्हटलं, अजिबात नाही. त्यानं शेवटची ट्रिक ९७.०८ ची मारली आणि २८१.१४ वर सुवर्णपदक नेलं. अमेरिकेच्या जॅगर ईटनचे २८१.०४. दशांश एक गुणाचा फरक. भाचा आठवडाभर मला चिडवत होता.

पण होरिगोमे पडेल होता का? तीन वर्षं आधी टोकियो ऑलिम्पिकमध्ये पहिलं सुवर्ण त्याचंच होतं. तो त्या दहा मिनिटांपुरता पडेल होता. तसं तर स्केटबोर्डात पडत कोण नाही? टोकियोच्या त्या फायनलमध्ये सातव्या नंबरवर जो राहिला तो अमेरिकेचा नायजा ह्यूस्टन, या खेळातलं सगळ्यात मोठं नाव.

मला वाटतं तुमची गफलत इथे होते आहे. आपण ज्याला ओळखत नाही त्याला आपण पडेल म्हणतो. टोकियोत जपानची मोमिजी निशिया १३ वर्षांची असताना सुवर्ण जिंकली, तेव्हा आपल्या पेपरांत ‘चिमुरडीचा चमत्कार’ छाप मथळे शोभले असते. पण त्याच वर्षी जूनमध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ती दुसरी आली होती. जे हा खेळ रोज बघतात त्यांना ती चांगलीच ठाऊक होती, आणि भाव काढणारे त्यांच्यातलेच असतात. महिलांच्या पार्क (खोलगट वाटीसारख्या मैदानावरच्या) प्रकारात जगात पहिल्या क्रमांकाची मिसुगू ओकामोतो शेवटच्या रनमध्ये पडली आणि चौथी आली. ती रडत होती, तेव्हा बाकीच्या पोरींनी तिला खांद्यावर उचललं. (असं मी पटावर कधी पाहिलं नाही. आमच्याकडे हरलेल्या धुरकऱ्याला आधी त्याचा मालक शिव्या घालतो.) तिथे जिंकली साकुरा योसोझुमी, जी २०१८ ची जगज्जेती होती. नदीपल्याडचा शिंगमोडाही मी पडेल समजत होतो. नंतर कळलं की पल्याडच्या तीन पटांत तो पहिला आला होता. ते मला माहीत नव्हतं, खायवालाला होतं. म्हणून भाव सहा होता, नाहीतर पंधरा असता.

सगळे असले खेळ एका मापात मोजू नका. स्नोबोर्ड क्रॉस हा आमच्या पटासारखा, शेजारी शेजारी पळायचं. २००६ ला तुरिनच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची लिंडसी जेकोबेलिस एकटी पुढे होती, शेवटाजवळ हौसेनं बोर्ड पकडून उडी मारली, पडली, आणि सुवर्णाचं रौप्य झालं. तेच सुवर्ण तिला २०२२ ला मिळालं, वयाच्या ३६ व्या वर्षी. बर्फावरच्या स्केटिंगमध्ये २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी मुद्दाम मागे राहिला. पुढचे चौघे शेवटच्या वळणावर एकमेकांत अडकून पडले आणि हा उभ्या उभ्या जिंकला. हा मात्र खरा पडेल, आणि त्याचा डावही पडेलाचाच होता: आपण हळू आहोत हे ओळखून दुसऱ्यांच्या पडण्याची वाट बघणं. स्केटबोर्डात ते जमत नाही. तिथे एकेक जण एकटा उतरतो आणि गुण परीक्षक देतात, आमच्या खंजेरी भजन स्पर्धेसारखं. दुसऱ्या मंडळाचा खंजेरीवाला चुकला म्हणून तुमचा अभंग चांगला होत नाही.

सर्फिंगमध्ये आणखी एक भिडू असतो, समुद्र. पॅरिस ऑलिम्पिकची सर्फिंग ताहिती बेटावर झाली. आधीच्या फेरीत ९.९० गुण घेणारा ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना उपांत्य फेरीत लाटेची वाटच बघत राहिला. त्याला धड एकच लाट मिळाली आणि तो हरला. कोरडवाहू शेती करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पण हे कोणाला आधी कळतं? तुम्हाला नाही, मला नाही, आणि कळलंच तर आपल्याआधी भाव काढणाऱ्याला.

एका बाबतीत तुमच्या बाजूनं बोलतो. हे खेळ छोटे आहेत, भाव काढणाऱ्यांचं लक्ष तिथे क्रिकेट-फुटबॉलइतकं नसतं, त्यामुळे चुकीचा भाव लागण्याची शक्यता इथे जास्त. पण ती चूक पकडायला तुम्हाला दर महिन्याच्या स्पर्धा, कोण कुठे दुखावलाय, कोणती ट्रिक कोण सरावात उतरवतोय, हे सगळं बघावं लागेल. आणि तेवढं बघितल्यावर दिसणारी चूक पडेलाच्याच बाजूची असेल असं नाही. बहुतेक वेळा ती आवडत्याच्या बाजूची निघते.

आणि कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. असं ॲप चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण त्याचा अर्थ उलटा काढू नका. ॲपच बेकायदा, तर पैसे अडकल्यावर तक्रार कुठे करणार? आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराचे जिंकलेले अठरा हजार एका ॲपवर दिसत होते. ते काढायला आधी ‘टॅक्स’ म्हणून तीन हजार भरा म्हणाले, मग ‘खातं तपासणी’ म्हणून आणखी दोन हजार. अठरा हजार अजून तिथेच दिसतात म्हणे.

माझी लगवाडी कशी सुटली तेही सांगतो, त्यात शहाणपण काही नव्हतं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, पट बंद झाले, आणि लावायला जोडीच उरली नाही. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी परत मिळाली, तोवर माझ्या पोराची शाळा सुरू झाली होती आणि दोनशे रुपये दुसरीकडे लागत होते. आता मोठे बाबा आणि मी पटाच्या कडेला ताडपत्रीवर बसतो. पैज आलुबोंड्याची असते. ते मोठ्या जोडीवर, मी अजूनही हाडक्यावर. यंदा आतापर्यंत सहा आलुबोंडे माझ्या अंगावर आहेत, आणि म्हाताऱ्याला तिखट चालत नाही तरी तो दरवेळी वरून मिरची मागून घेतो.